विजेची यारी : तिची ताकद आणि तिच्या मर्यादा

महाराष्ट्राच्या चार-पंचमांशाहून अधिक क्षेत्राखाली काळा कातळ पसरलेला आहे. या कातळात पाणी साठते ते त्याच्या भेगांत, फटींत आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात. त्यामुळे आपल्याकडे विहीर एकदा खणून भागत नाही. पाण्याची पातळी खाली गेली की ती खोल करावी लागते. गाळ साचला की तो काढावा लागतो. फाल्गुनापासून मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत गावोगाव हे काम चालू असते, आणि विहिरीच्या काठावर उभी असलेली यारी हे त्या दिवसांतील नित्याचे दृश्य झाले आहे. पूर्वी यारी हाताने फिरवीत. पुढे ती तेलाच्या इंजिनावर चालू लागली. आता जेथे शेतात वीज पोचली आहे तेथे विजेच्या मोटरीवर चालणारी यारीही वापरात आली आहे.

यंत्राविषयी माझी तक्रार नाही. पन्नास घमेली डोक्यावरून वर चढविण्याचे कष्ट ज्या यंत्राने वाचविले त्याचे स्वागतच केले पाहिजे. माझी तक्रार आहे ती आपल्या विचारण्याच्या रीतीविषयी. यारी भाड्याने घेताना आपण एकच प्रश्न विचारतो, "किती किलोची?" यारीवाला एक आकडा सांगतो आणि सौदा ठरतो. तो आकडा म्हणजे यंत्राने दिलेले वचन आहे अशा समजुतीने पुढचे सारे काम चालते. वस्तुतः तो आकडा वचन नव्हे. काही अटी पाळल्या तरच खरी ठरणारी ती मर्यादा होय. त्या अटी मोडल्या की मर्यादा खाली येते, आणि ती किती खाली आली हे विहिरीच्या तळाशी उभ्या असलेल्या मजुराला सर्वांत शेवटी कळते. शेतकरी बंधूंनी आणि गावपातळीवर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी या अटी नीट समजून घ्याव्यात, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

माझी चूक

हे मी केवळ पुस्तके वाचून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातील एका शेतकऱ्याला आपली विहीर खोल करावयाची होती. विहीर सुमारे दहा मीटर खोल होती. एक लहान विजेची यारी त्यास भाड्याने मिळत होती. मी शिवारात गेलो असता त्याने ती मला दाखविली व विचारले, "साहेब, ही चालेल का?" मी पाटी पाहिली. तीवर २५०/५०० किलो असे लिहिलेले होते. बादली म्हणून २०० लिटरच्या तेलाच्या पिंपाचे झाकण कापून कडी लावलेली होती. मी मनाशी हिशेब केला : पिंपभर ओला दगड-मुरूम सुमारे ३४० किलो, पिंपाचे २० किलो, एकूण ३६०, यंत्राची मर्यादा ५००. म्हणजे चांगली सवड आहे. मी "चालेल" असे सांगितले आणि पुढच्या गावी गेलो.

तिसऱ्या दिवशी, दिवस मावळावयाच्या सुमारास, भरलेली बादली काठाजवळ आली असताना मोटर गुणगुणत थांबली. चालकाने पुन्हा पुन्हा बटण दाबले. तापलेल्या ब्रेकने वजन धरले नाही आणि बादली खाली गेली. तळाशी दोघे होते. एक जण पाणी पिण्यासाठी कडेला सरला होता म्हणून वाचला. दुसऱ्याच्या पायाचे हाड मोडले. मी दवाखान्यात भेटावयास गेलो तेव्हा त्याच्या बायकोने मला विचारले, "साहेब, पाचशे लिहिलं होतं ना हो त्याच्यावर? मग असं कसं झालं?"

मजजवळ उत्तर नव्हते. मी शेतीशास्त्राचा पदवीधर; यंत्रशास्त्राची ओळख महाविद्यालयात झाली होती तेवढीच. परंतु सल्ला देताना मी त्या अज्ञानाची आठवण ठेवली नाही. उत्तराचा शोध मी नंतर घेतला. तो आधी घ्यावयास हवा होता.

पाटीवरचे दोन आकडे

पहिली गोष्ट अशी की, लहान यारीच्या पाटीवर जे दोन आकडे असतात, ते निरनिराळ्या दोन प्रकारे दोर लावल्यावरचे असतात. २५० हा आकडा एकेरी दोराचा. दोर ड्रमवरून सुटून सरळ बादलीपर्यंत गेला, तर यंत्र २५० किलोच उचलू शकते. सोबतची कप्पी बादलीकडे लावून दोराचे टोक परत वर यंत्राच्या सांगाड्याला अडकविले, म्हणजे वजन दोन दोरांवर विभागले जाते. तेव्हा ५०० किलो उचलता येतात. परंतु त्याची किंमत द्यावी लागते. वेग निम्मा होतो आणि पोचही निम्मी होते. ज्या यारीच्या ड्रमवर एकेरी दोराने १२ मीटर पोचण्याइतका दोर आहे, तीच यारी दुहेरी दोराने सहाच मीटर पोचते.

आता माझी चूक लक्षात येईल. दहा मीटर खोल विहिरीच्या तळापर्यंत दुहेरी दोर पोचणे शक्यच नव्हते. यारीवाल्याने कप्पी काढून ठेवली आणि एकेरी दोरावर काम सुरू केले. म्हणजे पहिल्या बादलीपासून २५० किलोच्या यंत्रावर ३६० किलो टांगले जात होते. दोन दिवस यंत्राने ते ओढले. यंत्राने ओढले म्हणजे ते त्यास झेपते असा अर्थ होत नाही, हा धडा आम्हास तिसऱ्या दिवशी मिळाला.

वजन आणि वेग यांचा व्यवहार

पुष्कळ शेतकरी यारीची पारख मोटरीच्या अश्वशक्तीवरून करतात. पंपाची पारख तशी करण्याची सवय असल्याने हे स्वाभाविक आहे. पण अश्वशक्ती वजन सांगत नाही. वजन आणि वेग मिळून होणारे काम सांगते. एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन दर सेकंदास एक मीटर उचलण्याची शक्ती. तीन अश्वशक्तीच्या मोटरीची शक्ती २२५ झाली. परंतु दातेचक्रे, ड्रम आणि कप्पी यांच्या घर्षणात तिचा बराच भाग खर्च होतो. निम्मीच शक्ती दोरापर्यंत पोचते असे धरून चालणे शहाणपणाचे आहे. उरली सुमारे ११२. या शक्तीने ५०० किलो उचलावयाचे तर वेग दर सेकंदास २२ सेंटिमीटर, म्हणजे मिनिटास सुमारे साडेतेरा मीटर मिळेल. कोणी म्हणेल की मिनिटास ३० मीटर वेगाने ५०० किलो वर आले पाहिजेत, तर त्यास सुमारे पावणेसात अश्वशक्तीची मोटर लागेल. वजन वाढवा, वेग कमी होईल. वेग वाढवा, वजन कमी करावे लागेल. हा व्यवहार कोणत्याही कारखानदाराला टाळता आलेला नाही. म्हणून "माझी यारी अर्धा टन उचलते आणि झपाट्याने उचलते" असे कोणी सांगू लागला तर त्यास मोटर किती अश्वशक्तीची ते विचारावे आणि वरचा हिशेब त्याच्यासमोर मांडावा.

ड्रमवरचे थर

तिसरी गोष्ट मला सर्वांत नवी होती. ड्रमवर दोराचा पहिला थर गुंडाळला जातो तेव्हा यंत्राची ओढ सर्वांत जास्त असते. त्यावर दुसरा, तिसरा थर चढला की दोर ड्रमच्या मध्यापासून दूर जातो आणि ओढ कमी होत जाते. रहाटाचा दांडा जाड केला तर तो फिरविण्यास अधिक जोर लागतो. तोच हा प्रकार. १५ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमवर १० मिलिमीटर जाडीचा दोर असेल, तर पहिल्या थरात दोर मध्यापासून ८ सेंटिमीटर अंतरावर असतो व तिसऱ्या थरात सुमारे १० सेंटिमीटर. म्हणजे पहिल्या थरावर ५०० किलो ओढणारे यंत्र तिसऱ्या थरावर सुमारे ४०० किलोच ओढू शकते.

याचा विहिरीच्या कामातील अर्थ गंभीर आहे. बादली तळाशी असते तेव्हा ड्रम जवळजवळ मोकळा असतो आणि यंत्र जोमात असते. बादली काठाजवळ येते तेव्हा ड्रम भरलेला असतो आणि यंत्राची ओढ सर्वांत कमी झालेली असते. जेथून पडल्यास बादली सर्वाधिक जोराने खाली आदळेल, नेमके तेथे यंत्र सर्वांत दुबळे असते. "तळातून उचलली म्हणजे वर येणारच" हा यारीवाल्यांचा नेहमीचा युक्तिवाद म्हणूनच धोक्याचा आहे. पाटीवरील आकडा पहिल्या थराचा आहे की भरलेल्या ड्रमचा, हे विकणाऱ्याकडून विचारून घ्यावे. दुसरीकडे, बादली तळाशी टेकली असता ड्रमवर दोराचे निदान तीन वेढे शिल्लक राहिलेच पाहिजेत. नाहीतर सारे वजन दोराच्या टोकाच्या खिळीवर येते.

विजेचा दाब

पाटीवरील आकडा पूर्ण दाबाच्या विजेवर काढलेला असतो. आपल्या शेतातील विजेचा दाब किती असतो हे वाचकांना सांगावयास नको. एक-फेजची मोटर २३० व्होल्टची असली, तरी ज्या वेळी सर्व पंप चालू असतात त्या वेळी खांबावर २०० व्होल्ट मिळाले तरी समाधान मानावे लागते. त्यातून पंपाच्या पेटीपासून विहिरीपर्यंत १०० मीटर बारीक केबल ओढलेली असते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून सात अँपियर प्रवाह जात असता या अंतरात सुमारे १७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. मोटरीपाशी पोचले १८३, म्हणजे पूर्ण दाबाच्या सुमारे ८० टक्के.

दाब ८० टक्के झाला म्हणजे मोटरीचा जोर ८० टक्के राहतो, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. या मोटरींचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दाब ८० टक्के झाला की जोर सुमारे ६४ टक्क्यांवर येतो. एक-तृतीयांशाहून अधिक जोर गेला. सुरू होतेवेळी मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, त्या क्षणी केबलमधील घट आणखी वाढते आणि जोर आणखी खाली जातो. म्हणूनच मध्येच थांबलेली भरली बादली पुन्हा वर उचलणे हे यारीला सर्वांत अवघड काम असते. त्या दिवशी चालक जे पुन्हा पुन्हा बटण दाबीत होता, तो यंत्राला त्याच्या सर्वांत दुबळ्या क्षणी सर्वांत जड काम सांगत होता. अशा वेळी बटण दाबणे थांबवावे, तळाच्या माणसांना ओरडून कडेला घ्यावे, व यंत्राला सोय असेल तर ब्रेक हाताने जपून सैल करीत बादली हळूहळू खाली उतरवावी.

तीन-फेजच्या यारीलाही हाच नियम लागू आहे. दोनच फेज असताना कंडेन्सर लावून पंप चालविण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. पंपाचे त्यात फार तर पाणी कमी पडेल किंवा मोटर जळेल. यारीवर तोच प्रयोग करणे म्हणजे माणसाच्या डोक्यावर वजन टांगून प्रयोग करणे होय. तो कोणीही करू नये.

चारशे फेऱ्यांचा हिशेब

पाटीवर बहुधा आणखी एक नोंद असते, आणि ती कोणी वाचत नाही : एस ३, २० टक्के, १० मिनिटे. याचा अर्थ असा की, हे यंत्र दर दहा मिनिटांत दोनच मिनिटे चालविण्यासाठी बनविलेले आहे. उरलेली आठ मिनिटे त्यास थंड होऊ द्यावयाची आहेत. मोटरीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. जादा वजनाने प्रवाह दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट होते.

मोटेच्या बैलाच्या बाबतीत ही पाटी लावावी लागत नसे. दोन प्रहरी बैल थकला की पाय ओढू लागे, आणि शेतकरी मोट सोडून त्यास सावलीला बांधी. बैल आपली मर्यादा स्वतः सांगे. मोटर सांगत नाही. ती तापते, थोडा वास येतो, आणि तोपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. मोटर वाचविण्यासाठी बसविलेला रिले वारंवार पडू लागला की तो दाबून बांधून ठेवणारे चालक मी पाहिले आहेत. बोलू शकणाऱ्या एकमेव भागाचे तोंड बांधण्याचा हा प्रकार आहे.

आता प्रत्यक्ष कामाचा हिशेब करू. सहा मीटर व्यासाची विहीर काळ्या कातळात एक मीटर खोल करावयाची, म्हणजे सुमारे २८ घनमीटर, वजनाने ७५ ते ८० टन दगड वर काढावयाचा. २५० किलोच्या यारीने बादलीच्या वजनासह मर्यादेत राहून दर फेरीस २०० किलो माल काढला, तर सुमारे ४०० फेऱ्या होतात. विहीर दहा मीटर खोल आणि वेग मिनिटास दहा मीटर धरला, तर चढण्यास एक व उतरण्यास एक अशी दोन मिनिटे एका फेरीस लागतात. दर दहा मिनिटांत दोन मिनिटे, म्हणजे एकच फेरी, तासाला सहा. चारशे फेऱ्यांस ६६ तासांहून अधिक, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने आठ दिवसांहून अधिक काळ लागणार.

परंतु काम दिलेले असते उक्ते, मीटरवर किंवा ब्रासवर. यारीवाल्यास आणि टोळीस जितके लवकर उरकेल तितका फायदा. मग दोन बादल्या आळीपाळीने भरून तासाला वीस फेऱ्या होतात आणि प्रत्येक बादली काठोकाठ भरली जाते. यंत्राने दोन मिनिटे चालावयाचे त्याऐवजी ते दर दहा मिनिटांत सहा-सात मिनिटे चालते, तेही दीडपट वजनाने. अपघात झाला की आपण दैवाला किंवा चालकाच्या निष्काळजीपणाला दोष देतो. माझ्या मते दोष आधी कराराचा आहे. ज्या करारात बादलीगणिक घाई करण्यातच पोट भरते, तो करार चालकाला मर्यादा मोडावयास लावतो.

यावर शेतकरी म्हणेल, आठ दिवसांचे भाडे मी कोठून देऊ? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही हिशेबातच आहे. एकेरी दोरावर ५०० किलो उचलणारी, दहा मिनिटांत चार मिनिटे चालणारी यारी त्याच वेगाची घेतली, तर ३६० किलोची भरलेली बादली तिच्या मर्यादेत बसते. दर फेरीस ३४० किलो माल, म्हणजे सुमारे २३० फेऱ्या, तासाला बारा, काम १९-२० तासांत होते. लहान यंत्र जाळून जे काम घाईने उरकावयाचे, तेच काम योग्य यंत्र न तापता वीस तासांत करते. तेव्हा रोजचे भाडे किती, याऐवजी पुऱ्या कामाचे भाडे किती पडेल ते पाहावे. स्वस्त यारी पुष्कळदा महाग पडते.

दोर आणि सांगाडा

मोटर कितीही बळकट असली तरी यारीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या भागाइतकीच. १० मिलिमीटर जाडीचा चांगला नवा पोलादी दोर तुटावयास पाच टनांहून थोडे अधिक वजन लागते. परंतु माल उचलण्यास त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे एक टन, हीच सुरक्षित मर्यादा धरतात. ही सवड चैनीसाठी ठेवलेली नसते. सैल पडलेला दोर एकदम ताणला गेला की त्यावर वजनाच्या दुप्पट किंवा अधिक ताण येतो. चिखलात रुतलेली बादली झटक्याने ओढली तरी तेच होते. टोकाला क्लिपा बरोबर लावल्या तरी तेथे दोराची ताकद सुमारे ८० टक्केच राहते, आणि क्लिपा उलट्या लावल्या तर त्याहून कमी. क्लिपेची बैठक वजन घेणाऱ्या दोराकडे व वाकडा आकडा मोकळ्या शेपटाकडे असला पाहिजे, आणि निदान तीन क्लिपा हव्यात. तारा तुटून काटे वर आलेला, चपटा झालेला किंवा गंजलेला दोर बांधावर फेकावा. गाठ मारून पुन्हा चढवू नये.

सांगाड्याचा हिशेबही करावा. यारीची भुजा पुढच्या टेकूपासून दीड मीटर विहिरीवर आलेली असेल आणि मागचे वजन त्याच टेकूपासून दोन मीटरवर ठेवलेले असेल, तर ३६० किलोच्या बादलीस केवळ तोलून धरण्यासाठी मागे २७० किलो लागतील. झटक्यांचा विचार करता त्याच्या निदान दुप्पट दगड मागे रचले पाहिजेत. शिवाय दोर वरच्या कप्पीवरून जवळजवळ सरळ खाली परत येत असेल, तर कप्पीच्या खिळीवर बादलीच्या दुप्पट भार पडतो, हे विसरू नये.

माणूस हा माल नव्हे

एक गोष्ट हिशेबाच्या पलीकडची आहे. सायंकाळी काम सुटले की बादलीत पाय ठेवून, दोर धरून वर येण्याची पद्धत सर्रास दिसते. "तीनशे किलो दगड येतो, मग साठ किलोचा माणूस का नाही?" असे हसत विचारले जाते. दगडाची बादली पडली तर दगडाचे काही बिघडत नाही. मालाचे यंत्र या समजुतीवर बनविलेले असते. माणूस उचलावयाच्या यंत्राचा दोर दुपटीने बळकट धरतात, त्यास निराळे ब्रेक आणि निराळी तपासणी असते. दिवसभर तापलेल्या यारीवर, ती सर्वांत थकलेली असताना, माणसाने स्वतःला टांगून घेणे यास धाडस म्हणता येणार नाही. चांगली बांधलेली शिडी विहिरीत असलीच पाहिजे, आणि तिचा खर्च कामाच्या खर्चात धरला पाहिजे.

काय करता येईल

बांधकाम कामगारांसाठी केलेला १९९६ चा केंद्रीय कायदा व त्याखालील १९९८ चे नियम यांत उचल-यंत्रावर सुरक्षित भार लिहावा आणि त्याहून अधिक भार घालू नये, असे सांगितलेले होते. परंतु शिवारातल्या एकेका विहिरीवर कायदा उभा राहू शकत नाही. तेथे शेतकरी असतो, आणि अधूनमधून आपण असतो. म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत.

पहिली : यारी ठरविताना "किती किलोची" एवढ्यावर न थांबता चार प्रश्न विचारावेत. एकेरी दोरावर किती? भरलेल्या ड्रमवर किती? दहा मिनिटांत किती मिनिटे? दोर केव्हा बदलला?

दुसरी : कामाच्या पहिल्या दिवशी ओल्या मालाने भरलेली बादली कांदा-धान्य तोलण्याच्या काट्यावर एकदा तोलावी. यंत्राच्या खऱ्या मर्यादेइतका माल कोठपर्यंत येतो ते पाहून बादलीच्या आत तेथे तांबड्या रंगाची रेषा ओढावी. ज्यास वाचता येत नाही त्यासही ती रेषा वाचता येते, आणि भरणारा मजूर स्वतःच्या डोक्यावरचे वजन स्वतः ठरवू शकतो. सर्व सूचनांत मला ही सर्वांत महत्त्वाची वाटते.

तिसरी : रोज सकाळी भरलेली बादली तळापासून अर्धा मीटर उचलून, खाली कोणी नाही असे पाहून, दोन मिनिटे टांगती ठेवावी. ती तसूभर जरी सरकली तरी ब्रेक दुरुस्त होईपर्यंत काम बंद ठेवावे.

चौथी : बादली हलत असेपर्यंत तळातील माणसांनी तिच्या समोरच्या कडेला उभे राहावे. बादली टेकल्यावरच पुढे यावे.

पाचवी : उक्त्या कराराच्या कागदावर बादलीची रेषा आणि तासाच्या फेऱ्या लिहाव्यात, व त्याप्रमाणे दिवस धरून दर ठरवावा. माझ्या पाहण्यात आलेल्या विहिरींच्या अंदाजपत्रकांत व्यास, खोली, ब्रास, मजुरी यांचे रकाने असतात. यंत्राच्या भाराचा रकाना मी पाहिलेला नाही. तो असावा असे माझे स्पष्ट मत आहे. नसला तरी आपण पाहणीस जाऊ तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात तो आकडा लिहिण्यास आपणास कोणी अडवीत नाही.

त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मी आज देऊ शकतो. पाचशे लिहिले होते हे खरे. पण ते दुहेरी दोरावर, सहा मीटरपर्यंत, पूर्ण दाबाच्या विजेवर, आणि दहा मिनिटांत दोन मिनिटांपुरते होते. हे सारे त्याच पाटीवर आणि त्याच यंत्रासोबतच्या पुस्तिकेत होते. ते वाचून सांगण्याचे काम तिच्या नवऱ्याचे नव्हते, माझे होते. या उन्हाळ्यात ज्यांच्या शिवारात यारी उभी राहील त्या प्रत्येकाने "चालेल" असे म्हणण्यापूर्वी पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, एवढीच विनंती आहे.